घरच्या मांजरालाही जंताचे औषध हवे

शेळ्यामेंढ्यांना जंताचे औषध पाजायचे असते, हे आता शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वासराचे पोट सुटले, केस राठ झाले की आपण जनावरांच्या दवाखान्याची वाट धरतो. मुलांना तर सरकारच गोळी देते. २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोल मिळते. अशी सर्वांची काळजी घेणाऱ्या घरात एक प्राणी मात्र औषधावाचून राहतो. तो म्हणजे मांजर.

वास्तविक शेळी गोठ्यात असते. मांजर चुलीजवळ, पडवीत, मुलांच्या अंथरुणात असते. म्हणून मांजराला औषध देणे हे शहरी लोकांचे चोचले आहेत, असे कोणी समजू नये. ती घराच्या आरोग्याची बाब आहे.

मांजराच्या पोटात मुख्यतः तीन प्रकारचे जंत होतात : गोल जंत, अंकुशकृमी आणि पट्टकृमी. गोल जंत पिल्लाला आईच्या दुधातूनच मिळतात. पिल्लू हाडकुळे पण पोट नगाऱ्यासारखे, असे दिसले की बहुधा हेच कारण असते. पट्टकृमी दोन वाटांनी येतो. उंदराच्या यकृतात त्याची अळी असते. उंदीर खाल्ला की ती मांजरात वाढते. दुसऱ्या जातीची अळी पिसवेत असते. अंग चाटताना मांजर पिसू गिळते. मांजराच्या शेपटीखाली किंवा ते झोपते त्या पोत्यावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमीचे समजावेत.

“उंदीर मारून खाणाऱ्या मांजराला कसले औषध?” असे पुष्कळ जण विचारतात. उत्तर उघड आहे. ते उंदीर खाते, म्हणूनच त्याला औषधाची जास्त गरज आहे. आपल्या कणगीतले भात राखताना त्याला ही बाधा होते. मग ती दूर करणे कोणाचे काम? दुसरे म्हणतात, “मांजर गवत खाऊन ओकते, तेच त्याचे औषध.” ओकारीतून एखादा जंत पडेलही, आतड्यातले बाकीचे तिथेच राहतात.

आता मुलांकडे वळू. मांजराच्या विष्ठेतून गोल जंतांची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत; मातीत साधारण २ ते ४ आठवडे राहिल्यावर बाधक होतात आणि पुढे कित्येक महिने, कधी वर्षेही टिकतात. माती लागलेला हात तोंडात गेला की अंडी मुलाच्या पोटात जातात. त्यांतून निघालेली अळी माणसाच्या आतड्यात जंत होऊन राहत नाही. ती यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात भटकते. डोळ्यात गेली तर त्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू होऊ शकते. असे वारंवार घडत नाही हे खरे. पण एका गोळीने टळणारे संकट लेकराच्या डोळ्यावर का येऊ द्यावे?

मांजर मऊ माती शोधते. घरबांधणीसाठी आणलेली वाळूची रास आणि परड्यातला कोथिंबिरीचा वाफा त्याला सर्वांत आवडतो. मुलेही त्याच राशीवर खेळतात. तेव्हा वाळूवर ताडपत्री घालावी, विष्ठा रोज उचलून भाजीपासून दूर खोल पुरावी, कच्ची खायची पाने व मुळे नीट धुवावीत, आणि मुलांना जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावावे.

औषधाचे वेळापत्रक कठीण नाही. पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, दूध तुटेपर्यंत. नंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा. त्याच सुमारास दूध पाजणाऱ्या आईलाही द्यावे. उंदीर धरणाऱ्या मोठ्या मांजराला दर तीन महिन्यांनी. एकदा दिलेले औषध त्या वेळचे जंत मारते; पुढचे अडवत नाही. म्हणून तारखा लक्षात राहाव्यात यासाठी एक सूचना करतो. मुलांची गोळी साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असते. त्याच दिवशी मांजरालाही द्यावी; मध्ये १० मे आणि १० नोव्हेंबर धरावेत. वर्षाचे चार डोस झाले!

मात्र औषध पशुवैद्याला विचारूनच घ्यावे. गोल जंत व अंकुशकृमीवर पायरँटेल चालते, पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल लागते. दोन्ही असलेली मांजराची गोळी मिळते. मांजराला पिशवीत घालून धान्याच्या काट्यावर तोलावे आणि ते वजन डॉक्टरांना सांगावे. कुत्र्याच्या अनेक गोळ्या दहा किलो वजनाच्या हिशेबाने असतात. मोठे मांजर तीन-चार किलोचेच भरते. मुलांची उरलेली गोळी अंदाजाने मोडून देऊ नये. पिसवांसाठी कुत्र्याचे परमेथ्रिन असलेले औषध मांजराला लावू नये, आणि तापाची पॅरासिटॅमॉल तर कधीही देऊ नये. या दोन्हींनी मांजर मरते.

गरोदर स्त्रियांना मांजरापासून जपायला सांगतात, तो टॉक्सोप्लाझ्मा नावाचा वेगळा सूक्ष्म जंतू आहे. जंताच्या गोळीने तो जात नाही. मांजराची विष्ठा त्यांनी उचलू नये. ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे.

हे वाचून कोणी मांजर पोत्यात घालून पलीकडच्या गावी सोडून येऊ नये. ते मुक्या जिवाशी निर्दयपणाचे आहे, आणि आपले जंत दुसऱ्याच्या अंगणात टाकण्यासारखेही आहे. शिवाय आपल्या भाताला उंदीर मोकळे! ज्या जिवाकडून आपण राखण करून घेतो, त्याच्या दुखण्याकडे पाहणे हा साधा न्याय आहे. पुढच्या वेळी शेळीच्या औषधासाठी दवाखान्यात जाल, तेव्हा मांजराचे वजन चिठ्ठीवर लिहून न्या.