खंडेनवमीनंतरचे ३६४ दिवस

खंडेनवमीच्या सकाळी भोसरी, सातपूर, कुपवाड किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतून फेरफटका मारणाऱ्याला एक प्रसन्न दृश्य दिसते. एरवी तेलाने आणि लोखंडाच्या किसाने माखलेली लेथ यंत्रे धुऊनपुसून लख्ख केलेली असतात. व्हाइसवर, ऐरणीवर, पान्यांच्या पेटीवर हळदकुंकू वाहिलेले असते. झेंडूच्या माळा, फोडलेला नारळ, हातात पेढ्यांचा पुडा घेतलेला मालक आणि नवा सदरा घातलेला कामगार असा सारा थाट असतो. पोलीस ठाण्यांतून बंदुका मांडून त्यांची पूजा होते, घराघरांतून जुनी तलवार किंवा निदान सुरी-विळी पाटावर ठेवली जाते. ज्या साधनावर आपले पोट आणि आपले रक्षण अवलंबून आहे, त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडणारा हा समाज आहे. साधनाला निर्जीव मानून वापरून फेकणाऱ्या संस्कृतीपेक्षा ही दृष्टी निश्चितच श्रेष्ठ आहे. प्रश्न उरतो तो पुढच्या ३६४ दिवसांचा. कित्येक कारखान्यांत दसऱ्यानंतरच्या पहिल्याच पाळीला यंत्र सुरू होते ते सुकलेली माळ तशीच लटकत ठेवून. आणि फिरत्या भागात दोरा अडकला म्हणजे तो काढायला माणूस यंत्र न थांबवताच हात घालतो. पूजेचीच वस्तू अपघाताचे निमित्त व्हावी, यापरते दुर्दैव कोणते?

विजयादशमीला शमीचे स्मरण होते ते पांडवांच्या शस्त्रांमुळे. ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिचे तपशील मात्र सहसा सांगितले जात नाहीत. विराटपर्वात अज्ञातवासाला निघालेले पांडव शस्त्रे झाडावर नुसती टांगून पुढे जात नाहीत. प्रत्येक जण आधी आपल्या धनुष्याची प्रत्यंचा उतरवतो. पावसाचे पाणी लागणार नाही अशी जागा पाहून नकुल ती बांधतो. झाडाजवळ कोणी फिरकू नये म्हणून तेथे एक प्रेतही बांधले जाते. आजच्या भाषेत सांगायचे तर शस्त्र रिकामे केले, हवामानापासून सुरक्षित ठेवले आणि अनधिकृत माणसाचा हात तेथे पोहोचणार नाही याची तजवीज केली. एका वर्षानंतर तीच शस्त्रे जशीच्या तशी कामाला आली. गांडीवधारी अर्जुनाला जी काळजी घेण्यात कमीपणा वाटला नाही, ती घेण्यात आज कोणाला भित्रेपणा वाटत असेल तर त्याला वीरवृत्तीचा अर्थच कळलेला नाही.

पुराणकाळापर्यंत जाण्याचीही गरज नाही. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवछत्रपतींनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या आशयासाठी ते नेहमी उद्धृत होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच पत्रात आगीसंबंधी जो मजकूर आहे तो प्रत्येक कारखान्याच्या दारावर लावावा असा आहे. कोणी चुली पेटवतील, कोणी चिलीम ओढताना गवत जवळ आहे की वारा सुटला आहे हे पाहणार नाहीत. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. मग गवताच्या गंजी जळतील आणि पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, असा एकेक दुवा महाराज जोडून दाखवतात. राज्याभिषेकाच्या सुमारास, चहूबाजूंनी शत्रू असताना, उंदराने नेलेल्या वातीचा विचार करणारा हा राजा होता. अपघात हा दैवाचा घाला नसून आधीच दिसू शकणाऱ्या लहान लहान चुकांची साखळी असते, हे आजच्या सुरक्षाशास्त्राचे सूत्र त्या पत्रात पुरेपूर उतरले आहे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याची व्यवस्था सांगताना तीच दृष्टी दिसते. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, भोवती झाडांचे दाट कुंपण असावे, दारूला सर्दी लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढून ऊन द्यावे, पुन्हा मोहोर करून ठेवावे, आणि परवानगीवाचून कोणालाही आसपास येऊ देऊ नये. २०१६ मध्ये पुलगावच्या दारूगोळा भांडारातील आगीत अधिकारी आणि जवानांनी प्राण गमावले, २०२५ च्या जानेवारीत भंडाऱ्याजवळच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्या वार्ता वाचताना अमात्यांच्या त्या ओळींची आठवण होणे अपरिहार्य आहे.

हा वारसा असलेल्या महाराष्ट्रात आज काय घडते? पुण्याच्या परिसरात मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या हजारो लहान कार्यशाळा आहेत. तेथील सर्वांत घातक यंत्र कोणते असे विचारले तर जाणता कामगार पॉवर प्रेसकडे बोट दाखवील, आणि अनेकदा ते बोटच अर्धे असेल. वाहन उद्योगातील अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे अहवालही वर्षानुवर्षे हेच सांगत आहेत. पत्रा डायमध्ये ठेवायचा, हात मागे घ्यायचा, प्रेस खाली येणार, तयार भाग उचलायचा, हे चक्र एका पाळीत हजारो वेळा फिरते. माणसाचा मेंदू कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही. म्हणूनच दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणे दाबल्याखेरीज प्रेस चालू नये, अशी योजना केलेली असते. दोन्ही हात बटणांवर आहेत याचा अर्थ ते डायमध्ये नाहीत. इतकी साधी आणि निर्दोष युक्ती! पण नगामागे पैसे मिळणारा कामगार एका बटणात काडी किंवा नाणे खुपसून ते कायमचे दाबून ठेवतो, म्हणजे एक हात मोकळा राहून वेग वाढतो. पर्यवेक्षक पाहून न पाहिल्यासारखे करतो, कारण महिनाअखेरीचा माल त्यालाही पाठवायचा असतो. कोठे कोठे तर प्रकाशकिरणांवर चालणारी सुरक्षायंत्रणा मालकाच्या संमतीनेच बंद केलेली असते. मग एके दिवशी चार बोटे जातात. जो जातो तो बहुधा विदर्भ-मराठवाड्यातून किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला, कंत्राटदाराच्या वहीत नाव असलेला विशी-बाविशीचा तरुण असतो. त्याच्या गावी ‘मशीनमध्ये हात गेला’ एवढेच कळते आणि दोष नशिबाच्या माथी मारून सारे मोकळे होतात.

येथे एक नाजूक विषयही बोलला पाहिजे. फिरत्या यंत्राजवळ सैल बाही, ओढणी, मफलर चालत नाही, हे बहुतेकांना मान्य असते. हातमोजा मात्र संरक्षण देतो अशा समजुतीने लेथ आणि ड्रिलवर सर्रास घातला जातो. वस्तुतः फिरता ड्रिल हातमोज्याचा एक धागा पकडून सबंध पंजा आत ओढतो. मनगटावरचा लाल दोरा, राखी, बोटातली अंगठी आणि गळ्यातली साखळी यांचाही हाच धोका आहे. श्रद्धेच्या खुणा कामाच्या वेळी काढून ठेवायला सांगितले की काहींच्या भावना दुखावतात. पण बहिणीने राखी बांधली ती भावाच्या रक्षणासाठी. ती पाळीपुरती देव्हाऱ्यात किंवा डब्याच्या पिशवीत ठेवल्याने तिचे पावित्र्य तिळभरही उणे होत नाही. सुवासिनी कामगार भगिनीने मंगळसूत्र सदऱ्याच्या आत बंदिस्त ठेवले तर त्यात कसला अधर्म? हे समजावण्याचे काम कारखान्याच्या पाटीपेक्षा समाजातील वडीलधाऱ्यांनी केले तर अधिक परिणामकारक होईल.

बाकीच्या सवयी वाटतात क्षुल्लक. चकची चावी चकमध्ये राहिली असताना लेथ सुरू केला तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून जुने मिस्त्री चावी हातातून सोडायची ती केवळ तिच्या जागेवर ठेवण्यासाठी, असा दंडक घालत. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले की त्याची कपची उडून डोळ्यात जाते. ते वेळीच घासून सरळ करायचे. मूठ नसलेली कानस वापरायची नाही, कारण तिचे टोक तळहातात घुसते. ग्राइंडरचे नवे चाक बसवण्यापूर्वी लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहायचे. खणखणीत आवाज आला तर चाक अभंग, बद्द आवाज आला तर तडा गेलेला. लोखंडाचा किस हाताने न काढता ब्रशाने काढायचा. ऑक्सिजनच्या टाकीच्या तोंडाला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही. सुतार-लोहारांच्या घरी ही विद्या मुलगा भाता ओढता ओढता आणि मार खाता खाता शिकत असे. वाकस जमिनीवर पात वर करून ठेवला तर बापाचा हात आधी पाठीवर बसे, कारण नंतर विचारायचे. ती परंपरा मोडली आणि तिच्या जागी जी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आली, तेथे सुरक्षेचा धडा पुस्तकाच्या आरंभी असतो आणि परीक्षेपुरता पाठ केला जातो. अंगवळणी पडण्यासाठी जो माणूस जवळ उभा राहावा लागतो, तो उभा नसतो.

कायद्याची उणीव नव्हती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने फिरत्या यंत्रांना कठडे घालणे बंधनकारक केले होते. आता त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० या संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत काही स्वागतार्ह गोष्टी आहेत. परंतु विजेवर चालणारा कारखाना ‘कारखाना’ ठरण्यासाठी पूर्वी १० कामगार पुरत, ते आता २० लागतात. विजेविना चालणाऱ्यांसाठी २० चे ४० झाले. लहान उद्योजकाला कागदपत्रांच्या जाचातून सोडवण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि बोटे तुटतात ती प्रामुख्याने याच लहान गाळ्यांतून, हे विसरून कसे चालेल? बारा कामगारांच्या गाळ्यातला प्रेस मोठ्या कारखान्यातल्या प्रेसपेक्षा हलक्या दाबाने खाली येत नाही. सरकार राष्ट्रीय विचाराचे आहे म्हणून हा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली आणि विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रम दिन मानला, तो काही सत्तेकडे पाहून नव्हे.

बंदुकीच्या बाबतीत तर चूक सुधारण्याची संधीच मिळत नाही. ‘साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी अधूनमधून येतेच. बहुतेक प्रसंगी घडते ते असे: मॅगझिन काढले, बंदूक रिकामी झाली असे वाटले, आणि नळीच्या मागच्या भागात बसलेले एक काडतूस ध्यानातच आले नाही. किंवा क्रम उलटा झाला. आधी खटका मागे ओढून काडतूस बाहेर काढले, मॅगझिन तसेच राहिले आणि खटका पुढे जाताना दुसरे काडतूस आत सरकले. म्हणून मॅगझिन आधी, खटका नंतर, आणि मग डोळ्यांनी व बोटाने खात्री, हा क्रम सैनिकाच्या हाडात मुरवलेला असतो. एनसीसीच्या छात्राला ‘जाँच शस्त्र’ हा हुकूम शेकडो वेळा का ऐकावा लागतो, हे यावरून उमगावे. हातातली प्रत्येक बंदूक भरलेलीच समजणे, नळी माणसाकडे कधीही न वळवणे, नेम धरेपर्यंत चापावर बोट न ठेवणे आणि लक्ष्याच्या मागे काय आहे हे पाहणे, एवढ्या चार गोष्टी पाळणाऱ्याच्या हातून सहसा अनर्थ होत नाही. २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे असो की २०१० ची विश्वविजेती तेजस्विनी सावंत, नेमबाज ज्या मैदानावर घडतो तेथे गोळीबार थांबला की खटका उघडा करून आत रंगीत निशाणी घातली जाते, आणि कोणी लक्ष्याकडे गेले असेल तर बंदुकीला स्पर्शही वर्ज्य असतो. सुवर्णपदक विजेत्यालाही त्यातून सूट नसते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला वरातीत हवेत बार काढणारे बहाद्दर आहेत. वर गेलेली गोळी कोठेतरी खाली येते, एवढेही भान त्यांना नसते. आणि कित्येकदा ती वर जातच नाही, मांडवातल्या पाहुण्याला लागते. उत्तर भारतात या प्रकाराने इतके बळी घेतले की २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवावी लागली. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षणही आवश्यक केले आहे. ते प्रशिक्षण प्रमाणपत्रापुरते उरू नये, हे पाहणे जिल्हा प्रशासनाच्या हाती आहे. महाराष्ट्रात बंदुकांचे स्तोम कमी, पण तलवारीने केक कापून त्याचे चित्रण मिरवणाऱ्या ‘भाऊं’चे पीक उदंड आहे. शिवरायांचे नाव घेत भवानी तलवारीच्या वंशजाला लोण्याने बरबटवणारे हे तरुण पुढे पोलीस ठाण्यात माना खाली घालून उभे राहतात. शस्त्रपूजन करणाऱ्या समाजाने या थिल्लरपणाचा निषेध इतरांच्या आधी केला पाहिजे, कारण त्यात अवमान होतो तो शस्त्राचाच.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, हातोडे व अवजारे घडवणारे आणि शस्त्रकार अशा १८ व्यवसायांचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य अशी तिची रचना आहे. या अवजारपेटीत चांगला चष्मा असावा आणि प्रशिक्षणाचा पहिला दिवस बोटे, डोळे व कान यांच्या रक्षणासाठी राखावा, ही मागणी अवाजवी ठरू नये. गावोगावच्या कार्यकर्त्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. खंडेनवमीला एखाद्या कार्यशाळेत पूजेला बोलावले गेले, तर आरतीनंतर प्रसाद हातात घेण्यापूर्वी प्रेसजवळ जाऊन दोन्ही बटणे चालतात का, कठडा जागेवर आहे का, एवढे मालकाला विचारावे. माळा त्याच संध्याकाळी उतरवायला सांगाव्यात.