स्वसंरक्षणाचा हक्क आणि बुद्धाची अहिंसा

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी जे घडले, त्याचा विसर पडू देणे समाजवादी चळवळीला परवडणारे नाही. त्या सकाळी वस्तीतील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त रहिवाशांनी पूर्व द्रुतगती महामार्ग अडविला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने केलेल्या गोळीबारात दहा माणसे प्राणास मुकली. जमाव गॅसचे टँकर पेटवून देण्याच्या बेतात होता, सबब गोळीबार अपरिहार्य होता, असा पोलिसांचा बचाव होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो फेटाळला आणि गोळीबार असमर्थनीय ठरविला. तुकडीचे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी, सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेपेची शिक्षा दिली. पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी गोळीबारानंतर काही दिवसांतच आपली जीवनयात्रा संपविली. त्या दिवसाच्या बळींच्या यादीत त्यांचेही नाव धरावे लागते.

ज्यांच्या हाती बंदुका होत्या त्यांनीच बचावाची भाषा करावी, आणि ज्यांच्या घरांतून प्रेते निघाली त्यांना शांततेचा उपदेश व्हावा, हा या प्रकरणातील सर्वांत कटू भाग आहे. बौद्धांनी निषेधासाठी रस्त्यावर पाऊल टाकले की त्यांना बुद्धाच्या करुणेची आठवण करून देणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. दुसरीकडे, अहिंसेने वस्तीचे रक्षण होत नाही, आता हत्यारांचीच भाषा बोलली पाहिजे, असे संतापलेल्या तरुणांना वाटू लागते. या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. अहिंसा म्हणजे निमूटपणे मार खाणे, असे दोघेही धरून चालतात.

बौद्ध परंपरेला हा अर्थ मान्य नाही. रागाने दुसऱ्या भिक्खूवर हात उगारणाऱ्या भिक्खूला विनयपिटक दोषी ठरविते. परंतु कोणी छळत असता केवळ सुटकेच्या हेतूने प्रहार करणाऱ्याला त्याच नियमातून वगळते. संसारत्याग केलेल्या भिक्खूला जी सवलत आहे, ती मुलाबाळांच्या गृहस्थाला नाकारण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हेच सूत्र विशद केले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी भेद केला आणि अहिंसेला आंधळा नियम न मानता तत्त्व मानले. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याच्यावर विवेकाची जबाबदारी टाकते.

या विवेकाचा वस्तुपाठ महाडला मिळाला होता. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर सत्याग्रही विखुरलेले असताना सनातन्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत थांबलेल्यांत लष्करात नोकरी केलेले धट्टेकट्टे लोक होते. इशारा मिळता तर महाडात रक्ताचे पाट वाहिले असते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, आणि नंतर खटल्यात हल्लेखोरांपैकी पाच जणांना सक्तमजुरी झाली. हा संयम दुर्बलांचा नव्हता. तो अशा समर्थांचा होता, ज्यांना आपली लढाई सूडाच्या पातळीवर उतरू द्यायची नव्हती. समता सैनिक दलाची शिस्तही याच काळात घडली.

तथापि स्वसंरक्षण हा शब्द जितका न्याय्य, तितकाच फसवा आहे. जानेवारी १९९३ मध्ये जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसे जिवंत जाळली गेली. त्या अमानुष कृत्याचे निमित्त करून मुंबईभर ज्या निरपराध मुसलमानांवर हल्ले झाले, त्यांचा त्या चाळीशी काडीचाही संबंध नव्हता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन पर्वांत सुमारे ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नमूद केले आहे. आपण बचावच करीत आहोत, असे तेव्हा प्रत्येक टोळी म्हणत होती. बुद्धाचे नाव घेणारेही या मोहापासून मुक्त नाहीत. म्यानमारमध्ये काही भिक्खूंनीच धर्म धोक्यात असल्याची आरोळी ठोकून मुसलमानांविरुद्ध द्वेष पेरला, आणि २०१७ साली लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले. धर्माचे रक्षण म्हणून शेजाऱ्याचे घर जाळणाऱ्याचा बुद्धाशी संबंध उरत नाही, मग त्याच्या अंगावर चीवर असो वा नसो.

मर्यादा स्पष्ट आहे, आणि धम्म व कायदा येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पूर्वीच्या दंड संहितेने दिलेला खाजगी बचावाचा हक्क १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेतही कायम आहे. समोर येऊन ठेपलेला हल्ला परतविण्यापुरता आणि आवश्यक तेवढ्याच बळाचा तो हक्क आहे. हल्ला संपला की तो संपतो. हल्लेखोराच्या जातभाईवर किंवा धर्मबंधूवर तो कधीच चालत नाही.

परंतु उपनगरांतील श्रमिक वस्त्यांचे खरे संरक्षण काठीवर फारसे अवलंबून नाही. पुतळ्याची विटंबना झाली तर काही मिनिटांत जमणारे जबाबदार कार्यकर्ते, पंचनाम्याचा आग्रह, साक्षीदारांची टिपणे, जखमींसाठी वाहन आणि वकिलांशी आधीपासूनचा परिचय, ही वस्तीची तटबंदी होय. १९९७ चा सरकारी बचाव कोसळला तो चौकशीत आणि पुराव्यापुढे. दुसरी तटबंदी शेजाऱ्यांची. १९९३ नंतर मुंबईत मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, त्यामागे हाच अनुभव होता. बौद्ध वस्तीवर हल्ला झाला असता मुसलमान आणि हिंदू कामगार तिच्या तोंडाशी उभे राहतील, आणि मुसलमान मोहल्ल्यावर संकट आले असता बौद्ध तरुण तेथे पोहोचतील, अशी परिस्थिती निर्माण करणे हे पक्षाच्या प्रत्येक शाखेचे काम आहे. दंगल पेटल्यावर ते होत नाही. पाण्याच्या, घरांच्या, रोजगाराच्या लढ्यांत जे एकत्र राहिले असतील, तेच त्या रात्री एकत्र उभे राहतील.