प्रकल्पाची फाईल आणि घरची भाषा

वार्षिक परीक्षा जवळ आली की पांढुर्णा-सौंसर भागातल्या स्टेशनरीच्या आणि झेरॉक्सच्या दुकानांत एक वेगळीच गर्दी दिसू लागते. रंगीत कागद, चमकीची पट्टी, छापील चित्रांचे तक्ते आणि अलीकडे मोबाईलवरून उतरवून दिलेला तयार मजकूर, असा सगळा ऐवज घेऊन पालक घरी जातात. रात्री जागून थोरली बहीण किंवा काका फाईल सजवतो आणि सकाळी मूल ती शाळेत नेऊन देते. याला 'प्रोजेक्ट' म्हणतात. त्या फाईलवर गुण पडतात, ते गुणपत्रिकेत चढतात. मुलाने त्यातून काय शिकून घेतले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

हा दोष एकट्या मध्य प्रदेशाचा नव्हे. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी साधने त्यात ठरवून दिली गेली. तिकडेही प्रकल्पाच्या फायली दुकानातूनच घरी येऊ लागल्या, हे वरूड-नरखेडकडचे आमचे नातेवाईक सांगतीलच. तथापि, आमच्या भागात या दुखण्याला एक जास्तीचा पदर आहे आणि तो भाषेचा आहे. त्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

तिगावचे उदाहरण घेऊ. नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्णा सोडले की पुढे तिगाव लागते आणि तेथून गाडी घाट चढू लागते. गावाची बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. काही घरांत भोयरी-पवारी, काहींत गोंडी. शाळेचे माध्यम मात्र बहुतेक मुलांच्या बाबतीत हिंदी. २०२३ साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर ही दोन तालुक्यांची ठिकाणे त्यात आली. पण फलकावरचे जिल्ह्याचे नाव बदलल्याने वर्गातली भाषा बदलत नाही. पाचवी आणि आठवीच्या परीक्षा राज्य शिक्षा केंद्र पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर घेऊ लागले आहे, त्यात प्रकल्पकार्याला वेगळे गुण आहेत. दहावीलाही लेखी पेपराखेरीज अंतर्गत मूल्यमापन आहे. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या पोरापासून दहावीच्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना स्वतः काही शोधून, मांडून दाखवायचे आहे. ('राज्य शिक्षा केंद्र' हे नाव मराठी कानाला कसे वाटते, ते वाचक जाणतातच. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आमच्याकडे शिक्षा म्हणजे छडी.)

आता समजा, आठवीच्या मुलीला 'आपल्या परिसरातील पीक' हा विषय दिला. तिच्या घरी संत्र्याची बाग आहे. या विषयातली तिची जाणकारी कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा मोठी आहे. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग बहार पावसाच्या तोंडावर, हे तिला पाठ करावे लागत नाही. बहार धरण्याआधी बागेचे पाणी तोडून ताण द्यावा लागतो, हलक्या जमिनीत तो थोड्या दिवसांचा आणि भारी काळ्या जमिनीत जास्त दिवसांचा, हे आजोबा रोज बोलतात. पानांवर कोळशी आली, खोडाला डिंक्या लागला, फळगळ सुरू झाली, हे शब्द तिच्या जेवणाच्या ताटाशी बोलले जातात. या मुलीने शाळेत दिलेल्या फाईलमध्ये काय असते? 'संतरा एक स्वादिष्ट फल है, इसमें विटामिन सी पाया जाता है.' बाग घरी राहते आणि फाईल शाळेत जाते; दोघींची भेट होत नाही.

असे का होते? मुलीला हिंदी येत नाही म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. बाजारात, गाडीत, दूरदर्शनवर तिची हिंदी बरी चालते. खरी गोष्ट अशी की तिने जे पाहिले आणि ऐकले ते सारे मराठीत, आणि तिला लिहायचे आहे हिंदीत. या दोहोंच्या मध्ये जी पायरी लागते ती शाळेने कधी बांधलीच नाही. ही पायरी म्हणजे कच्ची वही. आधी प्रश्न, मग विचारपूस, मग मोजमाप, मग टिपण आणि शेवटी मांडणी. अभ्यासाची कौशल्ये म्हणून ज्याचा आजकाल मोठा गाजावाजा होतो, ती एवढीच आहेत. यांतली पहिली चार आमच्या मुलाला मराठीतच नीट जमतात. आजीला हिंदीत प्रश्न विचारून कोणते उत्तर मिळणार?

कच्ची वही मराठीत, पक्का लेख हिंदीत, असा साधा नियम ठेवला तर काय होईल ते पाहा. मुलगी बागेतली पाच झाडे ठरवते. दर रविवारी प्रत्येक झाडाखाली गळलेली फळे मोजते आणि तारखेसह लिहिते. गाठी मारलेला दोर विहिरीत सोडून महिन्यातून एकदा पाणी किती खोल गेले ते नोंदते. आजोबांना विचारते की ताण किती दिवस दिला आणि तेवढाच का दिला. दोन-तीन महिन्यांत तिच्यापाशी असे आकडे जमतात, जे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. त्यांची सरासरी काढताना गणित येते, आलेख काढताना भूमिती येते. मग ती हिंदीत लिहावयास बसते. तेव्हा 'सरासरी'ला 'औसत', 'टक्के'ला 'प्रतिशत', 'घनफळा'ला 'आयतन' म्हणतात, हे तिला गरजेपोटी कळते आणि गरजेपोटी कळलेला शब्द विसरत नाही. 'कोळशी'ला चटकन हिंदी शब्द सापडला नाही, तर तिने 'कोळशी' हाच शब्द ठेवून तो रोग कसा दिसतो हे हिंदीत दोन ओळींत समजवावे. शब्दकोशातून उचललेल्या जड शब्दापेक्षा त्या दोन ओळींना अधिक गुण पडले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे लिंगाच्या चुकांबद्दलही बोलले पाहिजे, कारण गुण तेथेच कापले जातात. मराठीत ती बाग, हिंदीत बाग पुल्लिंगी. मराठीत ती विहीर, हिंदीत कुआँ पुल्लिंगी. आमचे संत्रे नपुंसकलिंगी आणि हिंदीत नपुंसकलिंगच नाही. 'हमारी बाग' असे लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल रेघ ओढून शिक्षक मोकळे होतात. ही चूक अज्ञानाची नसून दुसऱ्या भाषेच्या ज्ञानाची आहे, हे ओळखणारा शिक्षक दहा मिनिटांत सगळ्या वर्गाची ती चूक दुरुस्त करू शकतो. फळ्यावर दोन रकाने आखायचे आणि फरक दाखवायचा. तेवढे पुरते.

हे सारे नवे किंवा परदेशातून आलेले आहे असे कोणी समजू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींच्या पुढाकाराने भरलेल्या या परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हातच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेला अभ्यास असे ठराव केले आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी वर्धा आणि छिंदवाडा हे दोन्ही जिल्हे मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा राज्यांनी प्रयत्न करावा. कलम कागदावर आहे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचेही आम्हांस कौतुक आहे. पण तिगावच्या वर्गातल्या पोराला तूर्त अभिजात दर्जापेक्षा मराठीत टिपण लिहिण्याची मोकळीक जास्त उपयोगाची आहे.

वर्धा झाले दक्षिणेकडे. आता याच लोहमार्गाने उत्तरेस जाऊ. इटारसी ज्या होशंगाबाद जिल्ह्यात आहे (आता त्याचे नाव नर्मदापुरम), तेथे १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, गेला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. 'बाल वैज्ञानिक' ही त्याची पुस्तके. मुले टोळ्या करून प्रयोग करीत, निरीक्षणे स्वतःच्या वहीत लिहीत आणि परीक्षेला ते पुस्तक व ती वही उघडी ठेवण्यास परवानगी असे. लेखीबरोबर प्रयोगाची परीक्षाही होत असे. नुसती घोकंपट्टी तेथे कामाची नव्हती, कारण उत्तर वहीतून उतरवण्याजोगे नसे, वहीच्या आधाराने विचार करून काढावे लागे. २००२ मध्ये राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला. मूल्यमापन बदलल्याशिवाय शिकणे बदलत नाही, हे ज्या राज्यात तीस वर्षे दाखवून झाले, त्याच राज्यात आज प्रकल्पाची फाईल वजनावर तपासली जाते. हे दुर्दैव नव्हे तर काय?

लेखी पेपराचे काय, असे कोणी विचारील. तो हिंदीतच द्यावा लागणार आणि त्यासाठी हिंदी लिहिण्याचा सराव हवाच. मराठीचा अभिमान बाळगला म्हणून कोणी उत्तीर्ण करणार नाही. पण सराव कसा करावा, यालाही काही शास्त्र आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले, आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आमच्या मुलांनी हीच रीत दोन टप्प्यांत वापरावी. धडा मिटावा, आईला किंवा धाकट्या भावाला तो मराठीत सांगावा. सांगताना जेथे अडखळले तेथे धडा समजलेला नाही असे मानून पुन्हा पाहावे. नंतर पुस्तक न उघडता तेच हिंदीत लिहावे. पहिल्या टप्प्यात समज तपासली जाते, दुसऱ्यात भाषा. दोन्ही एकदमच करायला लावले की मूल हिंदी वाक्ये पाठ करून सुटका करून घेते आणि चूक समजेची की भाषेची, हे त्यालाही कळत नाही, शिक्षकालाही नाही.

शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे. एकेका शिक्षकाकडे अनेक वर्ग, त्यावर मतदारयादी, सर्वेक्षणे आणि पोर्टलवरच्या नोंदी. फायलींचा गठ्ठा चाळून गुण देणे त्यांना भाग पडते. मात्र हिशेब करून पाहावा. वर्गात चाळीस मुले असतील आणि प्रत्येकाला पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारले, तर २०० मिनिटे होतात. म्हणजे चाळीस मिनिटांच्या पाच तासिका. 'ही नोंद कोणत्या दिवशी केलीस?' 'हा आकडा मागच्या आठवड्यापेक्षा कमी का झाला?' एवढे दोन प्रश्न पुरे आहेत. दुकानातली फाईल दुसऱ्या प्रश्नापर्यंत टिकत नाही. आणि मूल मराठीत उत्तर देऊ लागले तर ते देऊ द्यावे. पुष्कळ शिक्षकही याच मातीतले आहेत, त्यांना ते समजते.

यासाठी भोपाळहून नवे परिपत्रक येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कच्ची वही पक्क्या फाईलला जोडून घेणे, ती कोणत्याही भाषेत असली तरी चालेल असे वर्गात सांगणे आणि ठरलेल्या प्रकल्पगुणांपैकी अर्धे त्या वहीवर व तोंडी उत्तरांवर देणे, हे मुख्याध्यापकांच्या पातळीवर ठरू शकते. पालकांनी पुढल्या पालक-शिक्षक बैठकीत गणवेश आणि सायकलींबरोबर हाही विषय काढावा. आंबिया बहाराचा ताण हिवाळ्यात सुटतो, फुले त्यानंतर येतात. पाच झाडांची वही सुरू करायची असेल तर दिवाळीच्या सुटीनंतरचा पहिला रविवार त्यासाठी सोयीचा आहे.