अंथरूण कुणी कापले?

उपदेशाला पैसे पडत नाहीत, म्हणूनच की काय, तो बहुधा काटकसरीचा असतो. एका जाणत्या क्रीडासमीक्षकांनी अलीकडेच असा एक उपदेश छापून आणला आहे. तो आहे इंग्लंडमधल्या त्या तीन क्लबांना, जे दर उन्हाळ्यात चॅम्पियनशिपमधून प्रीमिअर लीगमध्ये चढतात.

समीक्षकांचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या पोरांनी घाम गाळून क्लबला वर आणले, त्यांनाच वर खेळवावे. बाजारात जाऊन घाऊक खरेदी करू नये. अशा खरेदीने ड्रेसिंगरूममधला एकोपा मोडतो, अकादमीतल्या मुलांची वाट अडते, आणि एवढे करून क्लब पुन्हा खाली आलाच, तर उरते फक्त कर्ज. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावे. हरलात तरी इज्जतीने हराल. लेखात याखेरीज जे आहे ती विशेषणे आहेत, आणि लूटन टाउनची आरती आहे.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. एकोपा म्हणाल, तर तो गुणतक्त्यावर टिकतो. सलग आठ सामने हरलेल्या जिवाभावाच्या मित्रांचा एकोपा कुणी पाहिला आहे? कर्ज म्हणाल, तर पडणाऱ्या क्लबांना पुढची दोन-तीन वर्षे वरच्या लीगकडून ‘पॅराशूट’ नावाची रक्कम मिळत राहते, हे समीक्षकांना ठाऊक असणारच. लेखात ते लिहायचे राहिले असावे. आणि इज्जतीने हरणे ही नेहमी दुसऱ्याला सुचवायची गोष्ट असते.

लूटनचे मात्र थोडे बोलले पाहिजे, कारण त्या क्लबावर कुणाचाही जीव जडेल. केनिलवर्थ रोडच्या मैदानात पाहुण्या प्रेक्षकांनी शिरायचे ते चाळीवजा घरांच्या रांगेतून. दोन दारांच्या मधे एक बोळ, बोळातून लोखंडी जिना, आणि जिना चढताना खाली कुणाच्या तरी परसात वाळत घातलेले कपडे. असा क्लब २०१४ पर्यंत लीगच्याही बाहेर होता आणि २०२३ मध्ये वेम्बलीवर पेनल्टी शूटआउटमध्ये कोव्हेन्ट्रीला हरवून प्रीमिअर लीगमध्ये आला. तिथे त्याने हात आखडता घेतला आणि नव्या मैदानासाठी पैसा राखला. समीक्षकांना यात शहाणपण दिसते. निकाल काय लागला? २६ गुण, १८वा क्रमांक, गच्छंती. पुढच्या वर्षी आणखी एक गच्छंती. २०२५ च्या मे महिन्यात लूटन तिसऱ्या श्रेणीत पोहोचला होता. पाय अंथरुणातच ठेवले होते. माणूस तरीही गारठला.

आता त्या अंथरुणाकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. ही म्हण सांगणारा माणूस एक गोष्ट गृहीत धरतो, की अंथरूण ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे असते. इंग्लिश फुटबॉलमध्ये तसे नाही. तिथे ते मापून दिले जाते, आणि नव्याला मुद्दाम आखूड दिले जाते.

नॉटिंगहॅम फॉरेस्ट २०२२ मध्ये वर आला तेव्हाचा नियम पाहा. प्रीमिअर लीगमधल्या क्लबाला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंडांचा तोटा चालायचा, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी. पण ज्या वर्षी क्लब खालच्या श्रेणीत होता, त्या वर्षापुरती ही मर्यादा १ कोटी ३० लाखांवर यायची. फॉरेस्ट २३ वर्षांनी परतला होता. त्याची दोन वर्षे खालची आणि एक वरचे; बेरीज ६ कोटी १० लाख. त्याच मैदानावर, त्याच नव्वद मिनिटांत, समोर उभ्या असलेल्या मँचेस्टर सिटीला साडेदहा कोटी. ज्याला अंतर कापायचे आहे त्याला कमी खर्चाची मुभा, आणि जो पुढे आहे त्याला जास्त. याला नियमाच्या पुस्तकात आर्थिक शिस्त म्हणतात. आपले समीक्षक याला संस्कार म्हणतात.

फॉरेस्टने त्या उन्हाळ्यात २० हून अधिक खेळाडू घेतले आणि जगभर टिंगल झाली. आपल्या समीक्षकांनीही ती केली आहे, तीन वर्षांनी का होईना. ‘ज्या पोरांनी वर आणले’ त्यांना विसरले म्हणून. ती पोरे होती कुठे? जेड स्पेन्स, जेम्स गार्नर, कीनन डेव्हिस, फिलिप झिंकरनागेल, मॅक्स लो हे पाचजण उसनवारीवर आलेले. हंगाम संपला आणि ते आपापल्या क्लबांकडे परत गेले. प्ले-ऑफच्या उपांत्य सामन्यात तीन पेनल्टी अडवणारा गोलरक्षक ब्रीस सांबा फ्रान्सला, लान्सकडे गेला. त्या उन्हाळ्यात प्रशिक्षक स्टीव्ह कूपर यांच्या हातात अर्धा संघच शिल्लक नव्हता. खरेदी केली नसती तर ऑगस्टमध्ये मैदानावर कुणाला उतरवायचे होते, हेही त्या लेखात यायला हवे होते. खालच्या श्रेणीतले अनेक क्लब उसन्या खेळाडूंच्या आधारानेच वर येतात, कारण विकत घेण्याची त्यांची ऐपत नसते. म्हणजे ज्या गरिबीचे कौतुक चालले आहे, तीच गरिबी वर आल्यावर घाऊक खरेदी करायला लावते.

बरे, अकादमीतल्या मुलाचे काय झाले, तेही पाहू. ब्रेनन जॉन्सन नॉटिंगहॅममध्ये जन्मला, आठव्या वर्षापासून फॉरेस्टचा, आणि क्लबला वर आणण्यात त्याचा वाटा मोठा. समीक्षकांच्या मापात अगदी बसणारा. पण हिशेबाचा नियम असा, की बाहेरून घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून दाखवायची. पाच वर्षांच्या करारावर पाच कोटींना घेतला, तर दरवर्षी एक कोटी खर्ची पडतो; तो विकताना जेवढी किंमत खर्ची पडायची उरली आहे तेवढी वजा होऊन मग नफा दिसतो. घरात वाढलेल्या मुलाची मात्र वहीत किंमतच नसते, म्हणून त्याला विकले की सगळी रक्कम निव्वळ नफा. तोटा मर्यादेत आणायचा तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे आपलेच पोर विकणे. फॉरेस्टने जॉन्सनला २०२३ च्या १ सप्टेंबरला ४ कोटी ७५ लाख पौंडांना टॉटनहॅमला दिले. हिशेबाचे वर्ष ३० जूनला संपले होते. आधी विकले असते तर कमी पैसे आले असते, दोन महिने थांबल्याने जास्त आले, असे क्लबाने सांगून पाहिले. प्रकरण तपासणाऱ्या स्वतंत्र आयोगाने ते मानले नाही. मर्यादेपेक्षा ३ कोटी ४५ लाखांनी तोटा जास्त झाला म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये ४ गुण कापले. काटकसर शिकवणारा नियम अकादमी विकायला लावतो, आणि काटकसरीचे प्रवचनकार अकादमीसाठी गळा काढतात. दोन्ही एकाच लेखात बसवायला खरोखर हातखंडा लागतो.

याच काळात चेल्सीने काय केले? आपल्या मैदानालगतची दोन हॉटेले ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली. कुणाला? आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला. लीगने तो व्यवहार मान्य केला. स्वतःची हॉटेले स्वतःलाच विकणारा क्लब शिस्तीत बसतो आणि गोलरक्षक विकत घेणारा नवखा उधळ्या ठरतो. यावर समीक्षकांच्या लेखात अवाक्षर नाही. प्रवचन ऐकायला श्रीमंतांना वेळ नसतो, हे त्यांनाही कळत असावे.

आणि शेवटी, त्या उधळ्या फॉरेस्टचे झाले काय? पहिल्या वर्षी ३८ गुण आणि १६वा क्रमांक. दुसऱ्या वर्षी ४ गुण कापले जाऊनही ३२ गुण, म्हणजे लूटनपेक्षा ६ जास्त. तिसऱ्या वर्षी सातवा क्रमांक आणि १९९६ नंतर प्रथमच युरोपीय स्पर्धा. दंड भरून पापी वर राहिला, आणि पुण्यवान दोन पायऱ्या खाली गेला.

हे सोवळे आपल्याकडेही जुने आहे. कोल्हापुरातल्या पेठांच्या तालमींनी आपल्या फुटबॉल संघांतून परदेशी खेळाडू उतरवले, तेव्हा हेच ऐकले होते: पेठेचा संघ, पेठेचीच पोरे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्यांना विचारा. आफ्रिकेतून आलेल्या आघाडीपटूने गोल मारला की त्याचे नाव कोल्हापुरी हेल काढून ओरडणारे पेठेतलेच असतात, आणि त्याच्या पायांकडे टक लावून बसलेली बारा वर्षांची पोरेही पेठेतलीच. कबड्डीत लिलाव सुरू झाला तेव्हा ‘माणसांचा बाजार’ म्हणून ज्यांनी कान झाकले, त्यांना गावाकडचा चढाईपटू नोकरीच्या आमिषाने शहरात नेणाऱ्या संघांबद्दल कधी काही वाटले नव्हते. पैसा चोरपावलांनी आला की परंपरा, आणि किंमत लावून आला की अधःपात. या मंडळींशी मी तेव्हाही भांडलो, आणि त्यांनी तेव्हाही विषय बदलला होता.

समीक्षकांनी जुन्या काळाचा दाखला म्हणून ब्रायन क्लफ यांचेही नाव घेतले आहे. घ्यायला नको होते. क्लफ यांचा फॉरेस्ट १९७७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून तिसरा येऊन वर चढला आणि १९७८ मध्ये थेट विजेता झाला, हे खरेच. पण वर येताच क्लफ यांनी बर्मिंगहॅमहून केनी बर्न्सला घेतले, हंगाम सुरू झाल्यावर आर्ची गेमिलला आणले आणि गोलरक्षक पीटर शिल्टनसाठी अडीच लाख पौंडांहून अधिक मोजले. एका गोलरक्षकासाठी हे पैसे तेव्हा थोडे नव्हते. त्या हंगामात ४२ सामन्यांत फॉरेस्टवर फक्त २४ गोल झाले. साधेपणाचा हा पुतळा चांगलाच खर्चिक निघाला.

आता कुणी म्हणेल, खर्च करूनही पडलेच ना? पडले. २०१८ मध्ये फुलहॅमने १० कोटी पौंडांहून जास्त ओतले आणि तो २६ गुणांवर खाली गेला. पण त्यातले पाच खेळाडू खरेदीच्या शेवटच्या दिवशी आले होते. सराव कधी करायचा, सामन्यात? २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत वर आलेले तिन्ही क्लब खाली गेले, आणि त्यांतल्या इप्सविचने, बर्नलीने पैसा कमी लावला नव्हता. बर्नलीने वीस वर्षांचा गोलरक्षक घेतला आणि पोरसवदा संघ उभा केला. तो उद्याचा संघ होता; सामने आज होते. यावरून एवढेच सिद्ध होते, की पैसा कशावर आणि कधी लावला याला महत्त्व आहे. पैसाच लावू नये हे त्यातून कसे निघते, ते समीक्षकांनी उलगडून सांगावे.

मग करावे काय? जूनमध्ये बाजारात जावे. पाठीमागून सुरुवात करावी: गोलरक्षक, दोन मध्यरक्षक, आणि वरच्या पातळीवर खेळून आलेला एक तरी जाणता माणूस. २०२५ मध्ये संडरलंडने ३२ वर्षांच्या ग्रॅनिट झाकाला आणून कर्णधार केले. पहिल्या १० सामन्यांत त्यांचे १८ गुण झाले. आदल्या वर्षी साउदॅम्प्टनला पुऱ्या हंगामात १२ मिळाले होते. महागच घ्यावे असे नाही. ब्रायटनने २०१७ मध्ये जर्मनीतल्या इंगोलश्टाट या गच्छंती झालेल्या क्लबातून पास्काल ग्रोसला सुमारे ३० लाखांत उचलले, आणि वरच्या पहिल्याच हंगामात त्याने ७ गोल केले. आणि करारात लिहून घ्यावे, की क्लब पडला तर पगारही पडेल.

अ‍ॅस्टन व्हिलाने २०१९ मध्ये हेच केले. १० कोटींहून अधिक खर्च, डझनभर नवे खेळाडू. शेफिल्ड युनायटेडविरुद्ध त्यांचा गोलरक्षक चेंडू छातीशी धरून गोलरेषेच्या आत गेला, पण गोल झाल्याची खूण देणारे पंचांच्या मनगटावरचे घड्याळ काही थरथरले नाही आणि सामना ०-० सुटला. हंगामाअखेर व्हिला ३५ गुणांवर, एका गुणाने वाचला. नशीब म्हणा, पण नशिबाने एक गुण दिला, उरलेले ३४ विकत घेतलेल्या संघाने मिळवले. त्या खरेदीतला डग्लस लुईस पुढे घेतल्याच्या दुपटीहून अधिक किमतीला गेला, आणि एझरी कोन्सा व टायरोन मिंग्स २०२५ च्या एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी खेळलेल्या संघात होते. व्हिलाबरोबर वर आलेल्या नॉर्विचने जवळजवळ काहीच खर्च केला नव्हता. तो २१ गुणांसह तळाला राहून पडला. तिसरा शेफिल्ड युनायटेड. त्याने पहिल्या वर्षी नववा क्रमांक पटकावला आणि दुसऱ्या वर्षी तोही तळाशी गेला.

तेव्हा वर आलेल्या क्लबाने खर्च करावा, लवकर करावा आणि त्याची लाज बाळगू नये. ज्यांना यात अनीती दिसते त्यांनी साडेदहा कोटी आणि सहा कोटी दहा लाख यांतला फरक आधी बुजवायला सांगावे. तोपर्यंत त्यांची काटकसर त्यांच्यापाशीच राहू द्यावी.