पदवी घरबसल्या, पण पेशंटचं काय?

सध्या आमच्या घरी एकच विषय चालू आहे. माझी भाची इथे नाशिकमध्येच एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग होऊन पाच वर्षं झाली. पुढे शिकायचंय, पण नोकरी सोडून नाही. फ्लॅटचा हप्ता चालू, लेक अजून बालवाडीत. त्यात तिची नणंद न्यू जर्सीला नोकरी सांभाळून ऑनलाइन 'नर्स प्रॅक्टिशनर' करतेय. "मावशी, मग मी का नाही?"

प्रश्न रास्त आहे. मी स्वतः तीस वर्षं वॉर्डात काढली, म्हणून मला उत्तर द्यावंसं वाटतंय.

नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना मूळची अमेरिकेतली. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आता तिथे थिअरी सर्रास ऑनलाइन असते. पण नणंदबाईंना विचारा! प्रत्यक्ष पेशंटसोबतचे तास काही लॅपटॉपवर भरत नाहीत. २०२२ च्या तिकडच्या मानकांत ते किमान ७५० केले आहेत. शिकवणारा डॉक्टर किंवा प्रॅक्टिशनर बऱ्याच ठिकाणी विद्यार्थिनीनेच शोधायचा. बिचारी सुट्टीच्या दिवशी क्लिनिकांना फोन लावत बसते. आणि तिकडचा आरएन परवाना नसेल तर नाशिकात बसून त्या कोर्सचा विचारही करू नये.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१६ च्या सुमारास 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' आणला. दोन वर्षांचा, एम.एस्सी.च्या दर्जाचा, आणि रेसिडेन्सी! म्हणजे वीस टक्के थिअरी आणि ऐंशी टक्के प्रत्यक्ष काम. शिवाय नियमावलीत नोकरीतल्या उमेदवारांना नेहमीचा पगार मिळावा असं म्हटलंय. मला तर हे ऑनलाइनपेक्षा कितीतरी बरं वाटतं. नोकरी हाच अभ्यास. फक्त हॉस्पिटलने मनावर घ्यायला हवं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. रात्रपाळीला एका सिस्टरकडे चार व्हेंटिलेटर देणारी मंडळी तिला शिकायला मोकळं करतील, ही आशा मला जरा जास्तच वाटते :-)

आमच्या नाशिकची गंमत बघा. दूरशिक्षणाचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथलं, आणि हजेरीवाचून पान न हलणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ पासून इथलंच. नर्सिंगमध्ये दूरशिक्षण अजिबात नव्हतं असंही नाही. इग्नूने १९९० च्या दशकातच नोकरीतल्या जीएनएम सिस्टरांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. काढलं. माझ्या बरोबरीच्या दोघीतिघी त्यातूनच पदवीधर झाल्या. पण तिथेही प्रात्यक्षिकांना प्रत्यक्ष जावंच लागायचं.

मध्यंतरी भाचीला एका संस्थेचा फोन आला होता. "मॅडम, एम.एस्सी. नर्सिंग, घरबसल्या, फक्त परीक्षेला या." मी तिला एवढंच विचारायला लावलं, की यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंद होईल का? फोन कट!

माझं मत सरळ आहे. थिअरी खुशाल ऑनलाइन करा, रात्रपाळीहून आलेल्या बाईला बसने कॉलेजला पाठवण्यात काही पुरुषार्थ नाही. पण अडीच वाजता पेशंटचं सॅच्युरेशन घसरलं की हात कुठे जायला हवा, हे शेजारी कुणीतरी उभं राहूनच शिकवतं. तेवढं कुणी घरबसल्या देतो म्हणाला, तर तो पदवी विकतोय. दुसरी गोष्ट जास्त टोचते. एवढं शिकूनही आपल्याकडे तिच्यासाठी वेगळी पोस्ट आणि वेगळा पगार किती हॉस्पिटलं ठेवतात?

असो. सध्या भाचीने मेट्रनना अर्ज दिलाय. कोर्स चालणाऱ्या हॉस्पिटलला नोकरी बदलायची का, हे उत्तर आल्यावर ठरेल. जावईबापू म्हणतात, लेकीला दोन वर्षं मी बघतो. तोवर मी त्यांना पोळ्या शिकवतेय.