शिकारी कुत्रा आणि तीन खोल्यांचे बिऱ्हाड

संध्याकाळी सहानंतर आपल्या इमारतीच्या जिन्यावरून जी श्वानमंडळी खाली उतरतात, त्यांची कुळकथा एकदा काढून पाहावी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गुबगुबीत लॅब्रेडॉरला चेंडूपेक्षा बिस्किटात अधिक रस असतो. पण त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंडगार पाण्यात कोळ्यांच्या हाताखाली राबत होते, आणि पुढे इंग्लंडात बंदुकीने पाडलेले बदक दात न लावता धन्यापाशी आणून देत होते. पहिल्या मजल्यावरचा लांबोडका डॅक्सहुंड हा जर्मनीतला. बॅजर नावाच्या जनावराच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढायचे, हे त्याचे काम. नाव पडले तेही त्यावरूनच. कॉकर स्पॅनियल झुडपांतून वुडकॉक पक्षी उठवणारा. आणि रात्री दोन वाजता गळा काढून साऱ्या वाडीची झोपमोड करणारा बीगल हा सशाचा माग वासावरून काढणारा; मागे राहिलेल्या शिकाऱ्याला आपला ठावठिकाणा कळावा म्हणूनच त्याला तो आवाज दिलेला आहे. ही सारी मंडळी पिढीजात शिकारी. आपण त्यांना 'आमचा ब्रूनो' म्हणतो, एवढेच.

हे आठवायचे कारण पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र. त्यांच्या चिरंजिवांनी, वय वर्षे तेरा, कारवान कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट धरला आहे. घर तीन खोल्यांचे आणि चौथ्या मजल्यावर. ह्या बाई लिहितात: "आमचे मामंजी मूळचे जत तालुक्यातले. त्यांच्या लहानपणी घरी दोन कारवान होते. त्यांना वाटले होते, नातवाची मागणी ऐकून मामंजी खूष होतील. उलट ते संतापले. म्हणाले, 'ज्या जनावराचा जन्म माळ तुडवायला, त्याला लिफ्टमधून फिरवणार? ते पाप मी पाहणार नाही.' त्यावर मुलगा म्हणाला, 'आजोबा, शिकार आता बंद आहे. मग ह्या कुत्र्यांनी काय करायचे, मरून जायचे?' तेव्हापासून दोघांत अबोला आहे. मला दोघांचेही पटते. तुम्हीच काय ते सांगा."

आजोबा-नातवातला अबोला मोडण्याचे काम खरे तर शेजारणीचे. पण प्रश्न बाईंच्या घरापुरता नाही, म्हणून त्याचा विचार इथे करू.

प्रथम हा कारवान कोण ते पाहू. कोणी त्याला कारवान म्हणतो, कोणी मुधोळ. अंगावर रेशमासारखे लांब केस असले तर पश्मी म्हणतात. सांगली-सोलापूर-लातूरच्या कोरड्या पट्ट्यात आणि पलीकडे कर्नाटकात हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. मध्य आशियातून आलेल्या तांड्यांबरोबर तो दख्खनमध्ये उतरला, असे सांगतात. मुधोळचे राजे श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी त्याची पैदास जोपासली, आणि त्यांच्या संस्थानाचे नावच ह्या जातीला चिकटले. उंची खांद्यापाशी सुमारे सव्वादोन फूट, छाती खोल, कंबर मुठीत मावेल अशी, तोंड निमुळते. बीगल नाकाने शिकार करतो, हा डोळ्यांनी. दूरवर ससा हलला की ह्याने तो टिपलाच. मग भुंकणे नाही, गुरगुरणे नाही, नुसती धाव. पूर्ण वेगात असताना ह्या जातीच्या कुत्र्यांचे चारही पाय एका ढांगेत दोनदा जमिनीवरून सुटलेले असतात. एकदा अंग लांबवलेले असताना, एकदा आवळलेले असताना. चित्त्याची धाव अशीच असते.

आता मामंजींची बाजू. त्यांचे म्हणणे जुन्या माणसाचे हळवेपण म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण कायदासुद्धा त्यांच्या बाजूचा आहे. १९६० चा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा पुष्कळांना ऐकून ठाऊक असतो. मारहाण, उपासमार हे त्यात येणारच. पण त्याच्या ११ व्या कलमात आणखीही एक गोष्ट आहे: जो कुत्रा नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेला असतो, त्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही छळच होय. म्हणजे दोन वेळचे दूध-भाकरी घातली आणि अंगावर कधी हात उगारला नाही, तरी बाल्कनीत बांधून ठेवणारा सज्जन गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने अपराधी ठरतो. मामंजी ज्याला पाप म्हणतात, ते आपल्या संसदेनेही मान्य केलेले आहे.

दुसरे असे की, कारवान हा लॅब्रेडॉरसारखा 'सर्वांचा मित्र' नव्हे. परक्याने डोक्यावरून हात फिरवलेला त्याला खपत नाही. घरच्या माणसांशी तो फार एकनिष्ठ, पण पाहुण्यांपासून चार हात दूर. लिफ्टमध्ये सहा अनोळखी माणसांत उभे राहणे ही त्याला शिक्षाच. तिसरे, डोळ्यापुढून पळणाऱ्या गोष्टीमागे धावणे त्याच्या रक्तात आहे. शेजारच्या मावशींची मांजर आणि माळावरचा ससा यांतला फरक त्याला समजावून सांगता येत नाही. पट्टा सोडला आणि रस्त्यापलीकडे काही हलले, तर हाकेला ओ देण्याआधी तो रस्ता ओलांडून गेलेला असेल. मधे वाहने आहेत, हे त्याच्या पूर्वजांनी त्याला शिकवलेले नाही.

एवढे सारे खरे असूनही नातवाचा प्रश्न उरतोच, आणि तो प्रश्न मोठा आहे. मामंजींच्या बालपणीचे काम आज अस्तित्वात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ पूर्णपणे बंद झाली. कुत्रे सोडून जनावराचा पाठलाग करणे हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. सशालाही हे संरक्षण आहे. आणि हे योग्यच झाले. काळवीट आणि ससे माळावर राहायचे असतील, तर कुत्र्याच्या हौसेसाठी त्यांचा बळी देता येणार नाही. परंतु त्यामुळे कारवान बेकार झाला, हेही तितकेच खरे. पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो, पण ट्रॅक्टर आल्यावर किती बैल गोठ्यात उरले, हे गावाकडच्या मंडळींना विचारावे. काम संपले की जनावराची जात पुरणपोळीवर टिकत नाही.

सरकारने काही नवी कामे काढली आहेत. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ पासून सैन्याने मेरठच्या केंद्रात मुधोळ कुत्र्यांना शिक्षण द्यायला आरंभ केला. २०२१ साली हवाई दलाने धावपट्टीवरचे पक्षी हुसकावण्यासाठी काही पिल्ले घेतली. विमानतळावर पक्ष्यांमागे धावणारा मुधोळ म्हणजे जुन्या कलेला मिळालेली नवी नोकरीच. पण अशा नोकऱ्या थोड्या, आणि तिकिटावरचा कुत्रा पिल्ले घालीत नाही. जात टिकायची ती चार घरांतून टिकायची.

मग ही चार घरे शहरातली असू शकतात काय? इथे परदेशातला एक अनुभव उपयोगी पडतो. कारवानचा दूरचा चुलतभाऊ म्हणावा असा ग्रेहाउंड तिकडे शर्यतींत धावतो. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्याच्या मतदारांनी २०१८ साली ह्या शर्यती बंद करण्याचा कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस त्या तिथे थांबल्या. धावून निवृत्त झालेले असे हजारो कुत्रे तिकडच्या कुटुंबांनी घरी नेले. लोकांना वाटले, ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारे हे जनावर घराचे मैदान करील. प्रत्यक्षात तो दिवसाचा बहुतेक वेळ गादीवर ताणून देतो! कारण अशा कुत्र्याची ताकद क्षणभराच्या धावेसाठी घडलेली असते, दिवसभराच्या चालीसाठी नव्हे. एकदा पोटभर धावला की तो घरात सावलीसारखा वावरतो. जे ग्रेहाउंडला जमले, ते योग्य रीतीने वाढवलेल्या कारवानलाही जमते. तेव्हा तीन खोल्या ही अडचण खरी नाही. कुत्रा राहतो किती चौरस फुटांत, यापेक्षा तो रोज धावतो किती, हा प्रश्न विचारावा.

आणि म्हणून बाईंनी घरात सर्वांना बसवून पुढील प्रश्न विचारावेत. रोज सकाळी उजाडण्यापूर्वी कोण उठणार? परीक्षेच्या दिवसांत आणि आषाढातल्या पावसात कोण उठणार? चालत जाता येईल असे, चारी बाजूंनी कुंपण असलेले मैदान जवळपास आहे काय, आणि तिथले लोक कुत्र्याला मोकळे सोडू देतील काय? हा कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. चिरंजीव तेरा वर्षांचे आहेत. पाच वर्षांनी ते शिकायला परगावी गेले, तर पट्टा कोणाच्या हाती? ह्या प्रश्नांची उत्तरे 'आई' आणि 'आई' अशीच येत असतील, तर बाईंनी खुशाल नकार द्यावा. त्यात काही वाईट वाटून घेऊ नये. हौसेने आणलेला कुत्रा वर्षभरात रस्त्यावर सोडून देणाऱ्या घरांपेक्षा नकार देणारे घर लाखपट दयाळू.

उत्तरे समाधानकारक आली, तर मात्र मामंजींनीच पुढे व्हावे. पिल्लू कसे निवडावे हे त्यांच्याइतके घरात कोणाला कळणार? नोंदणीच्या कागदावर आणि फोनमधल्या छायाचित्रांवर न जाता, जिथे आई बापासकट पाहायला मिळेल अशा माणसाकडे जावे. आई लाजरीबुजरी, माणसाला घाबरणारी असेल तर परत फिरावे. पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ फार मोलाचा. ह्या काळात जे आवाज, जी माणसे ओळखीची होतात, त्यांची भीती पुढे वाटत नाही. लिफ्ट, कुकरची शिटी, दूधवाला, शेजारची मुले यांची ओळख तेव्हाच करून द्यावी. जनावरांच्या डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी, कारण अशा चरबीहीन अंगाच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधे जपून द्यावी लागतात. आणि खाऊ घालताना हात आखडता ठेवावा. फासळ्या थोड्या दिसणे हे ह्या कुत्र्याच्या प्रकृतीचे लक्षण आहे. शेजारीण 'अगं बाई, उपाशी ठेवता की काय' म्हणाली तरी मनावर घेऊ नये.

मला भीती वाटते ती निराळीच. कुत्रा घरात आला, की हळूहळू घर त्याला आपल्या सोयीचा करून घेते. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळले, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रेडॉरांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांना खाण्याची हाव अधिक असते. डॅक्सहुंडचा लांब कणा बिळात शिरायला सोयीचा. आज सोफ्यावरून उडी मारताना तोच दुखावतो. उद्या कारवानही जरा बुटका, जरा गुबगुबीत, सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळणारा असा पैदा करू लागलो, तर नाव राहील आणि कुत्रा जाईल. मामंजींनी जतच्या माळावर पाहिलेली ती धाव टिकवायची असेल, तर ससा नसला तरी धावणे हवेच. मैदानावर दोरीने ओढलेल्या चिंधीमागे धावला तरी त्याला चालते. चिंधी खोटी आहे याचा त्याला कमीपणा वाटत नाही. ती दोरी ओढायला आजोबा एका टोकाला आणि पिल्लू धरायला नातू दुसऱ्या टोकाला लागतो, हे मी मुद्दाम नमूद करतो.

शेवटी एक विनंती, ही सर्वच वाचकांना. पिल्लू आणायचे ठरलेच, तर ते दिवाळीच्या दिवसांत आणू नये. नव्या घरातल्या पहिल्या रात्री फटाक्यांचा भडिमार झाला, तर ती भीती त्याच्या जन्माला पुरते. घरात आधीच कुत्रा असेल, तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याला अंधार पडण्याआधी फिरवून आणावे, दारे-खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेवावे आणि गळ्यातल्या पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक लिहावा. घाबरून सुटलेला शिकारी कुत्रा माणसाच्या पायांनी गाठता येत नाही. नव्या पिल्लासाठी तुळशीचे लग्न होऊ द्या, उरलेसुरले फटाके संपू द्या. तोवर पहाटे उठायची सवय कोणाला जमते, तेही कळेल.