चार दिवसांचा मुंबईकर

सेमिस्टर संपत आलं की आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो : मुंबईला जायचंय, काय काय बघू? उत्तरही ठरलेलं असतं. टुरिस्टसारखं फिरू नकोस, तिथल्या माणसासारखं फिर. पाठोपाठ रील्स. गेटवे टाळा, अमक्या गल्लीतला वडापाव खा, तमक्या इराण्याकडे बनमस्का मागवा, आणि संध्याकाळची विरार लोकल एकदा तरी ‘अनुभवा’.

या सल्ल्याशी माझं भांडण आहे.

एक तर मुंबईकर मुंबई बघत नाही. त्याला सवडच नसते. त्याच्याकडे जे खरं ज्ञान असतं ते खाण्याच्या जागांचं नसून वेळांचं आणि दिशांचं असतं. इंडिकेटरवरचा ‘एफ’ म्हणजे फास्ट, ‘एस’ म्हणजे स्लो, एवढं आपल्यालाही कळतं. पण दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जायला कोणता पूल बरा, पुढच्या स्टेशनात फलाट कोणत्या बाजूला येणार आणि त्यासाठी आत्तापासून कोणत्या दाराकडे सरकायचं, हे रीलमध्ये मावत नाही. ते एकच प्रवास चार वेळा केला की अंगात मुरतं. म्हणून माझं मत असं की चार दिवसांत चाळीस जागा करण्यापेक्षा एकच वाट धरावी आणि ती रोज तुडवावी.

आणि ती विरार लोकल! सकाळची गर्दी दक्षिणेला, चर्चगेटकडे जाते, संध्याकाळी परत फिरते. पाहुण्याने उलट दिशेची गाडी धरली तर खिडकीसुद्धा मिळू शकते. पण नाही, आपल्याला ऐन गर्दीची मजा हवी असते. त्या डब्यात आपण मौजेखातर मावलो, म्हणजे दिवसभर राबलेला कोणीतरी फलाटावरच राहिला. हा हिशोब कोणी मांडत नाही.

गोव्याच्या माणसाला मुंबईत थोडे दिवस राहण्याची एक जुनी रीत ठाऊक आहे. धोबीतलावच्या जेर महालात खाली कयानी आहे, १९०४ सालची. बनमस्क्याचे फोटो बहुतेक तिथलेच. त्याच जेर महालात वर गोव्यातल्या गावांचे क्लब आहेत, ज्यांना आपण कूड म्हणतो. जहाजाची वाट बघणाऱ्या तारवट्यांना स्वस्तात टेकायला जागा हवी म्हणून एकेका गावाने त्या उभ्या केल्या. भिंतीला लागून ट्रंका, एका बाजूला आल्तार, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे रोझरी. आपला तियात्रसुद्धा १८९२ च्या ईस्टरला मुंबईतच जन्मला, याचं अशा जागी नवल वाटत नाही.

काका जहाजावर असल्यामुळे मेच्या सुट्टीत मला आमच्या गावच्या क्लबात चार रात्री मिळाल्या. तिथे नियम एकच, पण कडक : तेर्साला हजर राहायचं. त्यामुळे मी कुलाब्याला असो की दादरला, घड्याळ बघून निघावंच लागे. आर. सी. चर्च ते ताडदेव अशी १२३ नंबरची बस आहे, मरीन ड्राइव्हवरून जाते. तिच्यातून समुद्र बघायला कोणीही जाईल. मला मात्र ती यायला किती वेळ लावते, याचीच काळजी असायची. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या तारवट्याने विचारलं, “आयज खंय गेल्लो रे?” मी सांगितलं. त्यावर त्याने काही सुचवलं नाही, पैसे हातावर ठेवले आणि क्रॉफर्ड मार्केटमधून ट्रंकेला कुलूप आणायला सांगितलं. कुलूप घेऊन बाहेर पडताना दारावरची दगडी शिल्पं दिसली. लॉकवुड किपलिंगची, म्हणजे आपल्या सिलॅबसमधल्या रुडयार्डच्या वडिलांची! नुसती ती बघायला गेलो असतो तर फोटो काढून पुढे सटकलो असतो. आता मला तिथे कुलपाचा भावही माहीत आहे.

तिथल्या माणसासारखं राहणं म्हणजे गुपित जागा ठाऊक असणं नव्हे. कुठेतरी कोणीतरी आपली वाट बघतंय आणि आपल्याला वेळेवर पोचायचंय, एवढं असलं की शहर आपोआप समजू लागतं.

हे मी जरा तावातावाने लिहितोय, कारण याची दुसरी बाजू आपण रोज बघतो. फोंतेन्यसमध्ये माझ्या मावशीच्या पायरीवर सकाळपासून कोणी ना कोणी पोज देत बसलेलं असतं. गोंयकारासारखं जगायला आलेली ही मंडळी. मावशीला दूध आणायला जायचं तर त्यांच्या फ्रेममधून जावं लागतं, आणि वर तिनेच ‘सॉरी’ म्हणायचं. तेच आपण गिरगावात खोताच्या वाडीत जाऊन करणार का? ती लाकडी घरं ईस्ट इंडियन लोकांची. मराठी बोलणारे हे मुंबईचे कॅथलिक; ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं. मराठी आणि चर्च यांचा काय संबंध, असं आपल्याला अजूनही विचारणाऱ्यांनी त्यांना जरूर भेटावं. पण खिडकीतून डोकावून नको. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला नोव्हेनाला जा. तिथे सगळ्या धर्मांची माणसं येतात, दार सगळ्यांना उघडं असतं, मराठीतून प्रार्थनाही असते.

वर्गातल्या एका मैत्रिणीने माझं हे सगळं ऐकून विचारलं, “तुमचे क्लब बहुतेक पुरुषांचे. आम्ही कुठे जायचं?” आक्षेप रास्त आहे आणि त्याला क्लबवाल्यांकडे चांगलं उत्तर असेल असं मला वाटत नाही. ती स्वतः गेल्या वर्षी भांडुपला मामेबहिणीकडे आठवडाभर होती. सकाळी भाच्याला शाळेत सोडायचं आणि येताना भाजी आणायची, ही कामं तिने मागून घेतली होती. गेटवे तिचा राहूनच गेला. पण स्टेशनबाहेरची भाजीवाली कोणत्या वारी अळू आणते, हे ती अजून सांगू शकते.